क्रूझवर जाणाऱ्या सदस्यांसाठी आरोग्यविषयक सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, साथीच्या काळात क्रूझचे आरक्षण करण्यापूर्वी संबंधित कंपनीचे आरोग्यविषयक नियम पूर्ण वाचावेत, कारण लसीकरणाचे प्रमाणपत्र किंवा चाचणीचा अहवाल मागितलेल्या मुदतीतला नसल्यास प्रवाशाला बंदरावरूनच परत पाठवले जाऊ शकते.

हे नियम जाचक वाटतात, पण ते अनुभवातून आले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात रोखून धरलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या क्रूझ जहाजावर सुमारे ३,७०० माणसे होती आणि त्यांपैकी ७०० हून अधिक जणांना कोविडची लागण झाली, प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद असताना कर्मचारी मात्र एकत्र राहून त्यांना जेवण पोहोचवत होते, हे विसरता येत नाही.

ताप, खोकला किंवा जुलाब असल्यास जहाजावर चढण्यापूर्वीच्या आरोग्यपत्रकात तसे स्पष्ट लिहावे. तापाची गोळी घेऊन तपासणीतून निसटणे म्हणजे सहप्रवाशांतील वृद्धांचा जीव धोक्यात घालणे होय. भोजनकक्षाच्या दाराशी सॅनिटायझर असला तरी हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत, कारण जहाजावर वारंवार आढळणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही.

नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्त पुरतील इतकी हातातल्या बॅगेत ठेवावीत. विलगीकरणाचा खर्च आणि समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च विम्यात धरला आहे की नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी.