त्या चार रात्रींमधल्या आवाजांबद्दल

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि मग रात्रभर जागी राहते, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचून झाल्याशिवाय दादाला फोन करू नका.

मी सोमवारी राजीनामा दिला. तुम्हाला विचारून द्यायला हवा होता, हे कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुला हवं ते कर" म्हणाला असतात, आणि तुमच्या आवाजातली काळजी ऐकून माझे पाय अडले असते. ताईच्या वेळेला काय झालं ते आपण तिघांनीही पाहिलंय. नवं काम ठरलं आहे, अधांतरी नाहीये मी. हॉस्पिटलमधल्या यंत्रांचे आवाज नव्याने घडवणारा एक छोटा गट आहे, त्यात मी जातेय. पगार कमी आहे. पण दीड वर्ष पुरेल एवढी शिल्लक बाजूला ठेवली आहे, तुमच्या विम्याचे हप्ते आधीच भरून टाकलेत आणि घर बदलावं लागणार नाही. माझी उन्हाची खोली, टेबल, तू दिलेली गोधडी, सगळं तिथल्या तिथे आहे. झोप पूर्वीपेक्षा जास्तच मिळेल.

बाबा, हे सगळं तुमच्या पलंगाशेजारी सुरू झालं. त्या चार रात्री तुम्ही गुंगीत होतात. सलाइनचा पंप एका सुरात ओरडायचा, तुमच्या बोटावरचा चिमटा सरकला की मॉनिटर दुसऱ्या सुरात, आणि पलीकडच्या पलंगाचं यंत्र तिसऱ्याच. एकालाही दुसऱ्याची दखल नव्हती. जणू खोलीत आपण एकटेच आहोत असं प्रत्येकाला वाटत होतं. दुसऱ्या रात्री मी नर्सबाईंवर चिडले. त्या शांतपणे येऊन बटण दाबून गेल्या. नंतर लक्षात आलं की त्या रात्रीत त्यांनी असं किती वेळा केलं असेल! बहुतेक इशारे विनाकारण वाजतात, आणि सारखं विनाकारण वाजणाऱ्या गोष्टीकडे चांगल्यातल्या चांगल्या माणसाचे कानही दुर्लक्ष करायला लागतात. दोष त्यांचा नव्हता. मला त्यांची माफी मागायची राहिली, ते अजून टोचतं.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली रुग्णसेवेवरच्या पुस्तकात गोंगाटावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. या यंत्रांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात इशाऱ्यांसाठी छोट्या सुरावटी ठरवलेल्या होत्या, हृदयाची वेगळी, श्वासाची वेगळी. कल्पना गोड होती, पण कामाच्या धांदलीत त्या कुणाच्या लक्षात राहीनात, एकीची दुसरीशी गल्लत होई. प्लिमथ विद्यापीठातल्या जूडी एडवर्दी यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. २०२० च्या दुरुस्तीत ओळखीचे आवाज आले: हृदयासाठी ठोका, श्वासासाठी श्वास, औषधासाठी गोळ्यांची डबी हलवल्यासारखा खुळखुळाट. ऐकताक्षणी कळतात. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, आई.

आणि तुम्हाला जी माझी दुसरी भानगड वाटते, माणसांचे गट कसे बांधावेत याची आवड, ती याच खोलीत येऊन मिळते. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली मांडलं की एखादी संस्था जे घडवते त्यात तिच्या आपापसातल्या बोलण्याचाच आराखडा उमटतो. पंप बनवणारे आणि मॉनिटर बनवणारे एकमेकांशी कधी बोललेच नाहीत, म्हणून ती यंत्रं तुमच्या उशाशी भांडत होती. नुसता मंजूळ आवाज करून भागणार नाही. कुणी कुणाशी केव्हा बोलायचं हेही बसवावं लागेल, आणि त्या गटात माझं अर्धं काम तेच असणार आहे. न्यू यॉर्कमध्ये १९७२ पासून ऑर्फियस नावाचा एक वाद्यवृंद संचालकाविना वाजवतो, रचनेगणिक पुढाकार वेगवेगळे वादक घेतात. मला त्यांचं नवल वाटतं, पण धक्का बसत नाही. गाणारा कुठेही हिंडून आला तरी तबलजी त्याला समेवर गाठतो, हे मी, आई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून शिकलेय. तू तानपुऱ्याच्या जवारीचा दोरा केसभर सरकवायचीस आणि तार एकदम बोलायला लागायची. मी डोळे मिटून त्या क्षणाची वाट बघायचे. तेव्हा तो खेळ वाटायचा.

आता रागावू नका, पण बाबा, तुमच्या कानांबद्दल बोलायचंय. "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात" असं तुम्ही म्हणता. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ यांची ओळख तिथेच असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोचतात. म्हणून आवाज येतो, शब्द लागत नाही. यात कमीपणा वगैरे काही नाही, तानपुऱ्याची एक तार उतरावी तसं आहे. तपासणीची वेळ मी घेतली आहे, शुक्रवारी सकाळी अकरा. जायचंच. कानाचं मशीन मिळालं की ते कपाटात ठेवायचं नाही. पहिले काही आठवडे पंख्याचा, कागदाचा आवाजही बोचेल, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. रोज घालायचं, घरातसुद्धा. आई, तू त्यांच्याशी ओरडून बोलू नकोस, समोर येऊन सावकाश बोल. ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. कानात तेल कुणीही घालायचं नाही. आणि धुराचा भोंगा मी बदलून पाठवतेय. नेहमीचे भोंगे तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास किंचाळतात, झोपेत बाबांना तो ऐकू येणार नाही. हा ५२० हर्ट्‌झचा आहे, खर्जातला. बसवल्यावर एकदा वाजवून बघा.

मी सुखात आहे, खरंच. इतकं स्पष्ट कधीच वाटलं नव्हतं.

आई, तानपुऱ्याची तुटलेली तार या आठवड्यात बसवून घे. मला तो जुळवतानाचा आवाज रेकॉर्ड करून हवा आहे, अगदी पहिल्या बेसूर छेडीपासून. मध्ये बाबा काही बोलले तरी थांबवू नकोस.

तुमची,
धाकटी