इसार १९७३ च्या गाडीसाठी, प्रत्यक्षात गाडी १९७६ ची : रक्कम परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : एमजीबी रोडस्टर गाडीसाठी भरलेली इसार रक्कम परत न केल्याबद्दल तक्रार.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीने विक्रीस ठेवलेल्या एमजीबी रोडस्टर गाडीसाठी मी भरलेली इसार रक्कम परत करण्यास आपल्या विक्री विभागाने लेखी नकार दिला असून, ‘ग्राहकाने ऐनवेळी विचार बदलला’ असे कारण त्या पत्रात दिले आहे. हे कारण मला मान्य नाही, कारण माझा विचार कधीच बदलला नव्हता. ज्या गाडीचे वर्णन करून आपण इसार घेतला ती गाडी आपल्याकडे नव्हती, एवढीच या व्यवहाराची वस्तुस्थिती आहे. कृपया हे पत्र औपचारिक तक्रार म्हणून नोंदवून घ्यावे.

आपल्या जाहिरातीत ही गाडी ‘१९७३ सालची, मूळ क्रोम बंपरची, पत्रा उत्तम’ अशा शब्दांत वर्णिलेली होती. एमजीबी ही ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स गाडी काही दुर्मिळ नव्हे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून उघडी रोडस्टर आणि बंद छपराची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, आणि म्हणूनच घेणारा माणूस केवळ नावाला पैसे मोजत नाही, तर साल, बनावटीचा टप्पा आणि पत्र्याची स्थिती यांना मोजतो. अमेरिकेतील सुरक्षा नियमांची पूर्तता करण्यासाठी १९७४ च्या उत्तरार्धापासून या गाडीला क्रोमऐवजी काळे, जाडजूड रबरी बंपर आले आणि बंपरची उंची नियमात बसावी म्हणून सगळी गाडीच जमिनीपासून उचलली गेली, ज्याचा वळणावरच्या तिच्या वागण्यावर झालेला परिणाम शौकिनांनी आजतागायत माफ केलेला नाही. क्रोम बंपरच्या गाडीला अधिक किंमत मिळते ती यामुळे. तेव्हा ‘१९७३’ आणि ‘मूळ क्रोम बंपर’ हे शब्द जाहिरातीची शोभा वाढवण्यापुरते नव्हते. आपण मागितलेली किंमत त्यांच्याच आधारावर उभी होती आणि इसारही मी त्यांच्याच भरवशावर दिला.

गाडी माझ्यापासून फार दूर असल्यामुळे आधी स्वतः पाहून मग पैसे देणे शक्य नव्हते, आणि ‘आणखी एक गिऱ्हाईक दारात उभे आहे’ असे आपल्या विक्री प्रतिनिधींकडून वारंवार सांगितले जात होते. तरीही रक्कम पाठवण्यापूर्वी मी चॅसी क्रमांकाच्या, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाच्या, पट्टीचे छायाचित्र मागितले. जे आले त्यात पट्टीच्या नेमक्या मधोमध दिव्याची चमक पडलेली होती आणि पहिली चार अक्षरे तेवढी वाचता येत होती. दुसरे छायाचित्र मागितल्यावर ‘गाडी सध्या पॉलिशसाठी गेली आहे’ असे उत्तर मिळाले. याच कारणाने मी इसारपावतीत एक अट लेखी घालून घेतली, आणि ती आपल्या प्रतिनिधींनी स्वाक्षरीनिशी मान्य केली : मी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीत जाहिरातीतील वर्णनाशी विसंगत काही आढळल्यास इसाराची संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता परत केली जाईल. पावतीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

तपासणीचा संपूर्ण अहवाल आपल्याकडे यापूर्वीच पाठवलेला असला, तरी आपल्या उत्तरात त्यातील एकाही निष्कर्षाचा उल्लेख नसल्याने महत्त्वाच्या बाबी येथे पुन्हा मांडणे मला भाग आहे. सर्वांत निर्णायक बाब चॅसी क्रमांकाची आहे. तज्ज्ञांनी काढलेल्या स्पष्ट छायाचित्रात तो ‘जीएचएन५यूजी’ अशा अक्षरांनी सुरू होतो. यातील ‘यू’ हे अक्षर गाडी अमेरिकी बाजारासाठी बनल्याचे दाखवते आणि त्यापुढचे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. १९७३ साठी ते ‘डी’ असायला हवे होते, १९७६ साठी ते ‘जी’ असते. पहिल्या छायाचित्रातील चमक नेमकी याच दोन अक्षरांवर पडावी, हा योगायोग असेल तर मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

केवळ क्रमांकावर विसंबू नये म्हणून तज्ज्ञांनी गाडीची बांधणीही पाहिली. क्रोम बंपरच्या एमजीबीत आसनांच्या मागे, फळीखाली, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दोन वेगळ्या खणांत बसवलेल्या असत. रबरी बंपरच्या गाड्यांत त्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच बॅटरी आली. पुष्कळ मालक सोयीसाठी दोन काढून एक बसवतात हे मला ठाऊक आहे, पण तसे केले तरी दुसरा खण रिकामा का होईना, मागे उरतोच. या गाडीत दुसरा खण कधी नव्हताच. तिथे कारखान्यातून आलेला सलग पत्रा आहे. पुढच्या मडगार्डांचे खालचे कोपरे मूळ क्रोम बंपरच्या गाडीसारखे दिसावेत म्हणून कापून त्यांना नवे तुकडे जोडलेले असून, चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला तर वेल्डिंगची खडबडीत शिवण बोटांना लागते, असे अहवालात म्हटले आहे. म्हणजे ही रबरी बंपरची गाडी असून तिला नंतर क्रोम बंपर चढवले आहेत. असा बदल करणे हा काही गुन्हा नव्हे, आणि तो नीट केलेला असेल तर अशी गाडी चालवायला मजाही येते. कारखान्यातून आलेला एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर काढून त्या जागी दोन एसयू कार्बोरेटर बसवलेले पाहून तर मला उलट आनंदच झाला असता. आक्षेप बदलावर नाही. बदल लपवून, गाडीचे साल बदलून सांगून, मूळ गाडीची किंमत मागण्यावर आहे.

‘पत्रा उत्तम’ या दाव्याचीही तीच गत आहे. एमजीबीला वेगळी चॅसी नसते. गाडीचे अंग हाच तिचा सांगाडा असतो आणि छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये दारांखालून जाणारे पोकळ सिल हे तिचा सगळा भार पेलतात. डाव्या बाजूच्या सिलवर बऱ्याच लांबीपर्यंत लोहचुंबक चिकटला नाही, कारण रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी (लांबी) भरलेली होती. त्याच बाजूच्या दाराची मागची फट खाली रुंद आणि वर जवळजवळ मिटलेली आहे, आणि गाडी जॅकवर घेतल्यावर ते दार उघडेना. सिल कुजल्याने गाडी मधून वाकते, याचे यापेक्षा स्पष्ट लक्षण दुसरे नाही. ही गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे, असे तज्ज्ञांचे स्पष्ट मत आहे.

या सगळ्यावर आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर दिलेले उत्तर ‘जुनी गाडी म्हटली की उन्नीस-बीस चालायचेच’ असे होते. आसनाचे फाटलेले शिवण, इंजिनाखाली पडणारे तेलाचे थेंब, मंद चालणारा वायपर अशा गोष्टींबाबत मी हे वाक्य विनातक्रार ऐकून घेतले असते. गाडीच्या निर्मितीचे वर्ष मात्र वापराने झिजत नाही.

लेखी उत्तरात आपण वेगळीच भूमिका घेतली आहे : कंपनीच्या सर्वसाधारण अटींनुसार इसार कोणत्याही परिस्थितीत परत केला जात नाही. या अटींचा कागद मला इसार भरल्यानंतर पाठवण्यात आला. पावतीत त्याचा उल्लेख नाही आणि त्यावर माझी स्वाक्षरी नाही. विशिष्ट व्यवहारासाठी उभय पक्षांनी लेखी मान्य केलेली अट बाजूला सारून, नंतर धाडलेल्या छापील कागदाच्या आधारे पैसे अडकवून ठेवणे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. गाडी वर्णनाप्रमाणे असती आणि तरीही मी मागे हटलो असतो, तर मधल्या काळात ती दुसऱ्याला न विकल्याचे नुकसान म्हणून आपण इसार ठेवून घेणे रास्त ठरले असते, आणि मी त्याबद्दल एक अक्षरही लिहिले नसते. विक्रेत्याला गाडी राखून ठेवण्याचा मोबदला मिळावा आणि खरेदीदाराला तपासणीपुरती उसंत मिळावी, यासाठीच तर इसार घेतात.

शेवटची बाब सर्वांत गंभीर आहे. अहवाल आपल्या हाती पडल्यानंतर तीच गाडी, त्याच छायाचित्रांसह, पुन्हा विक्रीला लागली आहे. फरक एवढाच, की जाहिरातीतील ‘मूळ क्रोम बंपर’ यातला ‘मूळ’ हा शब्द आता काढलेला आहे आणि सालाची ओळ ‘सत्तरच्या दशकातील’ अशी झाली आहे. दोन्ही जाहिरातींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पहिले वर्णन खरे होते तर ते बदलण्याचे कारण काय, आणि ते खोटे होते हे आपल्याला पटले असेल तर माझा इसार कोणत्या आधारावर रोखून धरला आहे, याचा खुलासा आपण करावा. गाडी पुन्हा बाजारात आणून आपण माझ्याशी झालेला व्यवहार स्वतःच संपवला आहे. एकाच गाडीपोटी माझा इसारही ठेवायचा आणि नव्या गिऱ्हाइकाकडून किंमतही घ्यायची, असे करता येणार नाही.

तरी इसाराची संपूर्ण रक्कम, तसेच चुकीच्या वर्णनामुळे मला करावा लागलेला तज्ज्ञांच्या तपासणीचा खर्च, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत, ज्या बँक खात्यातून इसार भरला त्याच खात्यात जमा करावा. गाडीच्या बदल्यात दुसरी गाडी किंवा पुढील खरेदीवर सवलत, असा जो तोंडी प्रस्ताव आपल्या प्रतिनिधींनी ठेवला होता, तो मला मान्य नाही. याशिवाय, सध्याच्या जाहिरातीत गाडीचे खरे मॉडेल वर्ष, बंपरचा बदल आणि सिलची अवस्था स्पष्टपणे नमूद करावी, कारण पुढचा ग्राहकही माझ्यासारखाच दूर बसून, छायाचित्रे पाहून निर्णय घेणारा असू शकतो. रक्कम परत न केल्यास पावती, अहवाल, दोन्ही जाहिराती आणि आपला लेखी नकार यांसह मी ग्राहक तक्रार निवारणाच्या सक्षम यंत्रणेकडे दाद मागेन. यापुढील सर्व संवाद कृपया लेखी स्वरूपातच करावा. दूरध्वनीवरील आश्वासने मी ग्राह्य धरणार नाही.

आपला विश्वासू,
इसारपावतीधारक ग्राहक