मुलावर नजर कोणी ठेवायची?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वहिनींची तब्येत आता बरी आहे हे वाचून जिवाला बरे वाटले. घरच्या बाकीच्या गोष्टी भेटीत बोलूच. आज एकाच विषयावर सविस्तर लिहायचे आहे, कारण तू बालरोगतज्ज्ञ आहेस आणि माझा संताप रास्त आहे की नाही, हे तू मला स्पष्ट सांगशील.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही एका उडपी हॉटेलात नाश्त्याला गेलो होतो. तिथे तीन-साडेतीन वर्षांचा एक मुलगा टेबलांमधल्या चिंचोळ्या वाटेने धावत होता. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे, दाराला हात लावायचा आणि खिदळत परत फिरायचे, असा त्याचा खेळ चालला होता. आईवडील दोघेही आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. इतक्यात सांबाराच्या वाट्या आणि चहाचे कप मांडलेला ट्रे घेऊन वेटर दार ढकलून बाहेर आला आणि मुलगा थेट त्याच्या गुडघ्यांवर आदळला. त्या माणसाने क्षणाचाही विचार न करता ट्रे स्वतःच्या छातीकडे ओढून घेतला. उकळते सांबार त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडले. मुलाच्या अंगावर एक थेंबही उडाला नाही. तेव्हा वडील उठले आणि त्या वेटरवरच ओरडले, "डोळे फुटलेत का? पोराला भाजले असते म्हणजे?" आणि हात पोळलेला तो माणूस "सॉरी साहेब" म्हणाला.

मी त्याला बेसिनपाशी नेले. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी, दुसरे काही लावायचे नाही, हे तुझेच सांगणे मला आठवत होते, म्हणून कोणी हळद तर कोणी टूथपेस्ट घेऊन आले त्यांना थांबवले. मग त्या गृहस्थांना मी सर्वांसमक्ष म्हणालो, की ज्याने तुमच्या मुलाला वाचवले त्याची आधी माफी मागा. त्यांनी माफी मागितली नाही. "आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही बोलू नका," एवढे म्हणून ते बिल देऊन निघून गेले.

त्या मुलावर माझा राग नाही. तीन वर्षांचे मूल धावणारच. तान्हे बाळ एसटीत रात्रभर रडले म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांतला मी नव्हे. अशा वेळी मी उठून त्याच्या आईला खिडकीची जागा देतो. माझे भांडण आहे ते मुलाला घेऊन घराबाहेर पडल्यावर त्याची राखण गृहीत धरून परक्यांवर सोपवणाऱ्यांशी. वेटरने वाट सांभाळून चालायचे, रिक्षावाल्याने ब्रेक दाबायचा, मॉलच्या सुरक्षारक्षकाने सरकत्या जिन्याच्या कडेला अडकणारा पाय सोडवायचा. आणि यांपैकी एखादा कमी पडला तर दोष त्याचाच. मोबाइल मुलाच्याच हाती देऊन त्याला गप्प बसवणे हाही उपाय नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, असे तुम्हा बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते.

रस्त्यावर तर हे पाहवत नाही. आमच्या चौकातल्या सिग्नलला रोज असे एखादे कुटुंब दिसते: वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट, मागे आई, आणि पुढे स्कूटरच्या पायदानावर बोडक्या डोक्याने उभे असलेले मूल, आरशांच्या दांड्या धरून, झोपेने मान कलंडत असलेले. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर झाला आणि 15 फेब्रुवारी 2023 पासून लागूही झाला. पुण्यात मात्र असा पट्टा बांधलेले मूल मला क्वचितच दिसते. वडिलांना हेल्मेटचे महत्त्व पटलेले नाही असे कसे म्हणावे? ते स्वतः तर घालतातच! मोटारीत पुढच्या सीटवर मांडीवर बसवलेल्या बाळाची गत वेगळी नाही. एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा आधी त्या बाळालाच बसणार. आणि सनरूफमधून मुलाला उभे करून फोटो काढणाऱ्यांविषयी मी या पत्रात लिहीत नाही, कारण मग भाषेवर ताबा राहणार नाही.

आजच्या आईवडिलांची ओढाताण मला दिसत नाही असे समजू नकोस. दोघांच्या नोकऱ्या, घरात आजी-आजोबा नाहीत, सोसायटीत खेळायच्या जागी पार्किंग. रविवारी सकाळी दहा मिनिटे निवांत बसावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण दोघांपैकी एकाने खावे आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर फेरी मारावी, एवढे तरी जमू शकते. आमच्या शेजारचे जोडपे तसेच करते, आणि त्यांची जुळी मुले आहेत. "काही होत नाही हो" या वाक्याने माझे पित्त खवळते, कारण काही झाले म्हणजे काय होते हे तू तुझ्या दवाखान्यात पाहतोस.

म्हणून तुला एक आग्रहाची विनंती आहे. माझ्यासारख्याने रस्त्यात अडवून सांगितले तर लोक अंगावर येतात. डॉक्टरांचे मात्र निमूटपणे ऐकतात. गोवर-रुबेलाच्या लसीसाठी मूल नवव्या महिन्यात तुझ्याकडे येते, आणि हेल्मेटचा नियमही नवव्या महिन्यापासूनच सुरू होतो. त्या भेटीत पट्टा, हेल्मेट आणि गरम चहाचा कप या तिन्हींविषयी दोन-दोन वाक्ये बोलशील का? छापील पत्रक हवे असेल तर मजकूर मी लिहून पाठवतो, छपाईचा खर्चही मी करीन. तू फक्त त्यातले वैद्यकीय तपशील तपासून दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

तुझा स्नेही