ग्लासगोचा हिवाळा आणि ड जीवनसत्त्व : मुलीस पत्र

सदाशिव पेठ, पुणे
डिसेंबर

चि. सौ. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या रक्ततपासणीचा अहवाल मिळाला. ड जीवनसत्त्वासमोर 28 हा आकडा पाहून तू निर्धास्त झालीस, कारण आत्याच्या अहवालात 24 आले होते आणि तिच्या डॉक्टरांनी ते ठीक आहे असे सांगितले होते. परंतु हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. पुण्यातील प्रयोगशाळा हा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात आणि ब्रिटनमधील प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये; तिकडच्या आकड्याला अडीचने भागले की आपल्याकडचा आकडा मिळतो. तुझे 28 म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम 11. हाडांसाठी आपल्या मापाने 20, म्हणजे तुमच्याकडचे 50, पुरेसे मानतात, आणि ब्रिटनमध्ये 25 च्या खाली गेल्यास कमतरता धरतात. तू त्या रेषेच्या अगदी काठावर आहेस आणि शिवाय बाळाला अंगावर पाजतेस, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्वचेत तयार झालेले किंवा अन्नातून आलेले ड जीवनसत्त्व स्वतः फारसे काम करत नाही. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे द्रव्य बनते तेच तुझ्या रक्तात मोजले गेले आहे. पुढे मूत्रपिंडात त्याचे आणखी एकदा रूपांतर होऊन कॅल्सिट्रिऑल हे प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक तयार होते. आतड्याला अन्नातील कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषून घ्यायला लावणे हे त्याचे मुख्य काम. ते कमी पडले तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी दहा-पंधरा टक्केच अंगी लागते आणि पुरेसे असेल तर तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत लागते. आता रक्तातील कॅल्शियम खाली घसरणे शरीराला परवडत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर चालते. म्हणून गळ्यातील परावटु ग्रंथी आपले संप्रेरक वाढवतात आणि हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणतात. त्यामुळे अहवालात कॅल्शियम ‘नॉर्मल’ दिसत राहते आणि भार मात्र हाडांवर पडतो. वाढत्या वयातील मुलांना यातून मुडदूस होतो : पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड दिसतात, फासळ्यांच्या टोकांशी गाठी हाताला लागतात. मोठ्या माणसांत सांगाडा तयार असतो, पण त्यावर खनिज नीट बसत नाही. नडगीचे हाड दाबले की दुखते, मांड्यांत जोर राहत नाही, मांडी घालून बसलेल्या माणसाला उठताना हाताचा टेकू लागतो. आपल्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसून मी असे उठणारे लोक पुष्कळ पाहिले, आणि त्यांतले बहुतेक संधिवाताचे मलम मागत असत.

तू राहतेस त्या शहराचा या रोगाशी जुना संबंध आहे. कोळशाच्या धुराने आकाश झाकलेले आणि कामगारांची दाट, अंधारी घरे असलेले ग्लासगो एके काळी मुडदुसासाठी कुप्रसिद्ध होते. तेथील डॉक्टर लेनर्ड फिंडले यांनी 1908 मध्ये असे मांडले की, दोष कोंदट घरांचा आणि मुलांना मोकळी हवा व हालचाल न मिळण्याचा आहे. लंडनच्या एडवर्ड मेलनबी यांनी 1919 मध्ये घरात कोंडलेल्या कुत्र्यांच्या पिलांना विशिष्ट आहार देऊन मुडदूस उत्पन्न केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखवून दोष आहाराचा ठरवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण देऊन मुडदूस झालेली मुले बरी केली. किरण एका हातावर टाकले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली, म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून सर्वत्र जात होते. ग्लासगो खरे की लंडन खरे, हा वाद पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक यांनी निकालात काढला. उपासमारीतून वाचलेली तेथील मुले तेलानेही बरी होत आणि उन्हानेही. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी 1922 मध्ये हे तेल तापवून व त्यातून हवा खेळवून त्यातील अ जीवनसत्त्व नष्ट केले, तरी मुडदुसावरचा गुण शिल्लक राहिला. त्या शिल्लक द्रव्याला त्यांनी ड हे अक्षर दिले. ही हकिगत मला फार आवडते, कारण भांडणारे दोन्ही पक्ष बरोबर निघाल्याची उदाहरणे विज्ञानात थोडीच सापडतात. पुढे 1960 आणि 70 च्या दशकांत त्याच ग्लासगोमध्ये भारतीय व पाकिस्तानी कुटुंबांतील मुलांत मुडदूस पुन्हा दिसू लागला. त्या वेळी आपल्या पोळ्यांच्या पिठालाही दोष दिला गेला. कोंड्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला अडवते हे खरेच आहे, पण सावळी त्वचा आणि उत्तरेकडील मंद सूर्य ही जोडी त्याहून भारी पडते.

सूर्याचे गणित तुला स्वतः करून पाहता येईल. त्वचेतील कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका द्रव्यावर अतिनील ‘ब’ किरण, साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीचे, पडले तरच ड जीवनसत्त्व तयार होते. सूर्य खाली असला की किरणांना वातावरणातून तिरका, लांब पल्ला कापावा लागतो आणि ओझोन नेमके हेच किरण गिळून टाकतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा हे किरण पुरेसे असतात, अशी साधी खूण आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्याने आज, ऐन डिसेंबरातही, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर येतो आणि सावली उंचीपेक्षा थोडी आखूड पडते. ग्लासगो 56 अंशांच्या जवळ आहे. तिथे या दिवसांत भर दुपारीही सूर्य जेमतेम 11 अंशांवर असतो आणि तुझी सावली तुझ्या उंचीच्या पाचपट पडत असेल. ऑक्टोबरपासून मार्च संपेपर्यंत तिथले ऊन कितीही प्रसन्न वाटले तरी त्यातून हे जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्यात आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे किरण स्वतःच शोषून घेते, म्हणून गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला अधिक वेळ ऊन लागते. खिडकीच्या काचेतूनही ‘ब’ किरण आत येत नाहीत. सोफ्यावर पडलेल्या उन्हात बसून ऊब मिळेल, एवढेच.

येथे आईचा आणि माझा थोडा वाद झाला. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावे, असे तिने तुला फोनवर सांगितले. आपल्याकडे ही रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि बाळाला त्याने बरे वाटत असेल, यात शंका नाही. पण कोवळे ऊन म्हणजेच तिरके ऊन, आणि वरच्या हिशेबाने त्यात ‘ब’ किरण फारच थोडे असतात. पुण्यात खेळत्या वयाची मुले दुपारपर्यंत उघड्यावर हुंदडत, त्यातून त्यांची भरपाई होत असे. आता तीही पाळणाघरात आणि फ्लॅटमध्ये असतात. पुण्यातील संशोधकांनी गरीब वस्तीतल्या लहानग्यांना लाडवातून जादा कॅल्शियम आणि जोडीला ड जीवनसत्त्व देऊन त्यांच्या हाडांतील खनिज मोजण्याचा प्रयोग केला होता, यावरून भरपूर उन्हाच्या देशातही हा प्रश्न आहे हे तुझ्या ध्यानात येईल. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी असते, आणि आईचेच कमी असले तर ते आणखी कमी. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून वर्षाचे होईपर्यंत रोज साडेआठ ते दहा मायक्रोग्रॅमचे थेंब द्यावेत, असा ब्रिटनचा सरकारी सल्ला आहे आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही 400 युनिट, म्हणजे दहा मायक्रोग्रॅमच, सांगतात. ते थेंब सुरू केले नसतील तर आजच आणावेत. तेलमालीश खुशाल चालू ठेव.

आता तू पाठवलेल्या त्या लांबलचक यादीकडे येतो : हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, क्षय, नैराश्य, सगळ्यावर ड जीवनसत्त्व. या यादीला आधार मुळीच नाही असे नव्हे. शरीरातील पुष्कळ पेशींत या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी यंत्रणा आहे, आणि आजारी माणसांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळते, हेही खरे. पण आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, शरीरात दाह असला की हा आकडा खाली येतो, आणि स्थूल माणसाच्या चरबीत हे द्रव्य अडकून राहते. तेव्हा आकडा कमी म्हणून आजार आला की आजार आला म्हणून आकडा कमी झाला, हे केवळ दोन्ही एकत्र दिसण्यावरून ठरत नाही. काहींना औषध आणि काहींना नुसती बिनऔषधी गोळी देऊन वर्षानुवर्षे पाहावे लागते. अमेरिकेत 25,871 माणसांवर असा प्रयोग झाला. रोज 2,000 युनिट सुमारे पाच वर्षे घेऊनही त्यांच्यात कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही, आणि 2022 मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही. स्वप्रतिकाराचे आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते ते, थोडे कमी दिसले. याकडे मी उत्सुकतेने पाहतो आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना रोज 4,000 युनिट देण्याच्या 2019 च्या प्रयोगातही ठाम फरक आढळला नाही. क्षयाच्या बाबतीत तर मला मोठी आशा होती, कारण ड जीवनसत्त्वामुळे पांढऱ्या पेशी क्षयाच्या जंतूला मारणारे एक प्रथिन तयार करतात हे 2006 मध्ये दिसले होते. परंतु मंगोलियात 8,851 मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला 14,000 युनिट देऊनही क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

यातील अमेरिकेतल्या प्रयोगाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेव. त्यातील बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व मुळातच पुरेसे होते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून उपयोग झाला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तुझ्यासारख्या 28 वाल्या व्यक्तीने घेऊ नये, असा त्याचा अर्थ नाही. तू घ्यावेसच, मात्र हाडांसाठी, स्नायूंसाठी आणि बाळासाठी घ्यावेस.

आत्याने तुझ्यासाठी ड जीवनसत्त्वाचे साठ हजारांचे सॅशे, म्हणजे पुड्या, पाठवायला काढले होते, ते मी पार्सलमधून बाजूला ठेवले आहेत. एका सॅशेत 60,000 युनिट असतात, म्हणजे रोज 400 या हिशेबाने दीडशे दिवसांचा ऐवज एका कप दुधात जातो. डॉक्टर ते कमतरता भरून काढायला बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, लिहून देतात आणि तसे घेतले तर ते चांगले औषध आहे. घोळ असा होतो की चिठ्ठी संपते आणि सॅशे चालूच राहतात. दुकानात एक गृहस्थ आठवड्याचे सॅशे रोज एक असे घेत असल्याचे आम्हाला उशिरा कळले. त्यांना सारखी तहान लागे, लघवीला वरचेवर जावे लागे, अन्नावरची वासना उडाली होती आणि पोट साफ होत नव्हते. रक्तातील कॅल्शियम चढले होते आणि मूत्रपिंडांवर ताण आला होता. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, म्हणून औषध बंद केल्यावरही त्यांना सावरायला बराच काळ गेला. उन्हातून असे कधी होत नाही, कारण प्रमाणाबाहेर ऊन लागले की त्वचा जादा द्रव्य निरुपयोगी रूपांत बदलून टाकते; तोंडाने घेतलेल्याला असा लगाम नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले होते. म्हणून रोजचा लहान डोस मला अधिक पसंत आहे. रेषेच्या इतक्या जवळ असताना तुला आरंभी नेहमीपेक्षा जास्त डोस लागेल का, हे तुझ्या डॉक्टरांनी ठरवावे. त्यानंतर नेहमीचे 10 मायक्रोग्रॅम, आणि आपल्या वर्णामुळे ते उन्हाळ्यातही सोडू नयेत. गोळी जेवणानंतर घ्यावी, तुपातेलाबरोबर ती चांगली शोषली जाते. तिथल्या दुधात हे जीवनसत्त्व मिसळलेले असेलच असे समजू नकोस, वेष्टन वाचून पाहा. आत्याने विचारले आहे की गोळी शाकाहारी असते का. बहुतेक गोळ्यांतील ड जीवनसत्त्व, म्हणजे डी-3, मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून करतात. दगडफुलापासून केलेलेही मिळते, पण महाग पडते. तिचा चातुर्मास संपला आहे, तरी तिला हे कळवतो.

तुझी कंबर आणि पिंढऱ्या दुखतात, त्याचे सगळे खापर मात्र या आकड्यावर फोडू नकोस. रात्रीची जागरणे आहेत, बाळाला कडेवर घेणे आहे, आणि पिढीजात शाकाहार असल्याने बी-12 कमी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. बाळंतपणानंतर थायरॉइडही काही जणींना त्रास देते. डॉक्टरांना हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइड या तपासण्या लिहून द्यायला सांग, आणि ड जीवनसत्त्व पुन्हा तपासायचे झाले तर ते तीन महिन्यांच्या आत तपासू नकोस. हा आकडा सावकाश चढतो आणि मधल्या तपासणीने केवळ गोंधळ होतो. निखिलरावांनी कोणतीही तपासणी न करता रोजचे 10 मायक्रोग्रॅम सुरू करायला हरकत नाही, त्यांचे तर ऑफिसही तळघरात आहे. त्यांना आमचे नमस्कार आणि बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
बाबा