एकाच फिल्टरवर थांबवलंत, त्याबद्दल आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. पत्र मात्र उघड लिहितोय. शहरातल्या गच्चीवरून तेजोमेघ टिपू पाहणाऱ्या कुणालाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल, आणि त्यातलं बरंचसं लोकांना खिसा रिकामा झाल्यावरच कळतं.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. रंगीत कॅमेरा, चार फिल्टर, फिल्टर व्हील अशी यादी घेऊन जो येईल त्याची यादी खोडून तुम्ही दोनच गोष्टी लिहून देता: मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि एच-अल्फा फिल्टर, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडणारी काच. रंगीत सेन्सरवर चार पिक्सेलमागे एकच लाल असतो, आणि हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ त्या एकातच जमा होतो. मोनोत चारही कामाला लागतात. पुण्याच्या आकाशात पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत सांडलेला आहे. त्यात ७ नॅनोमीटरची चिंचोळी फट तेवढी उघडी ठेवली की चंद्र असतानाही रोझेट तेजोमेघ हाती लागतो. (चंद्र अगदी शेजारी नको. आणि ऑक्सिजनच्या ५००.७च्या फिल्टरला ही सवलत नाही.) कृष्णधवल म्हणजे ‘रंग भरायचे राहिलेला’ फोटो, हा समजही तुम्हीच मोडलात. खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ मध्ये हॉर्सहेड तेजोमेघ सापडला तो हार्वर्डच्या काचेच्या प्लेटवर, करड्या छटांतच.

कॅमेरा आणि दुर्बिणीच्या जुळणीचं गणित तुम्ही विकत घेण्याआधी करायला लावलंत. पिक्सेलचा आकार मायक्रोनमध्ये, त्याला २०६ ने गुणायचं, दुर्बिणीच्या नाभीय अंतराने भागायचं. ८० मिमी व्यासाची एफ/६ दुर्बीण (नाभीय अंतर व्यासाच्या सहा पट), ते अंतर कमी करणारं ०.८चं भिंग म्हणजे रिड्यूसर, मिळून ३८४ मिमी. आयएमएक्स५३३ सेन्सरचा पिक्सेल ३.७६ मायक्रोनचा. उत्तर येतं पिक्सेलमागे साधारण २ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि चौकट सुमारे १.७ अंशांची. रोझेट जेमतेम ८० आर्कमिनिटांचा, म्हणजे १.३ अंशांचा, तो आरामात बसतो.

रिड्यूसरपासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर हवं, हे सगळेच सांगतात. फिल्टरच्या काचेने फोकस तिच्या जाडीच्या एक तृतीयांशाने मागे सरकतो, म्हणून २ मिमी जाड फिल्टर असेल तर ५५.७ ठेवा, हे तुम्ही सांगितलंत. कोपऱ्यातले तारे मध्यापासून बाहेर ताणल्यासारखे दिसले तर सेन्सर फार जवळ आहे. मध्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर फार लांब. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या चकत्यांनी काम भागतं. फिल्टरची चकचकीत बाजू दुर्बिणीकडे. उलटा बसला तर मृगाच्या बाणातल्या अल्निटाकभोवती मोठं वर्तुळ उमटतं आणि शेजारच्या फ्लेम तेजोमेघाची वाट लागते.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. धुरात, नाहीतर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. ‘नीना’ या सॉफ्टवेअरमधलं तीन बिंदूंचं ध्रुवीय संरेखन (दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवणं) आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या तुकड्यावर चालतं, ही माहिती कितीतरी गच्च्यांना उपयोगी पडली असेल. चूक २ आर्कमिनिटांच्या आत आली की थांबायचं, कारण पुढचं गाइडिंग (छोट्या दुसऱ्या कॅमेऱ्याने ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरणं) सांभाळतं. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटचं तोल सांभाळणारं वजन तिपाईच्या पायावर आपटतं, ते आधी हाताने फिरवून बघायचं.

फ्लॅट फ्रेम्सच्या (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फोटोंच्या) बाबतीत तुमचा हट्ट आता पटतो. कॅमेरा किंवा फोकसर एकदा हलला की जुने फ्लॅट फुकट, म्हणून ते आवरण्याआधीच घ्यायचे: एलईडी पॅनेल, त्यावर पांढरं सुती कापड, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्याच्या जरा आत. एच-अल्फातून पॅनेल मंद दिसतं म्हणून एक्सपोजर काही सेकंदांचं ठेवावं लागतं, पण ते बरंच. फार कमी ठेवलं तर पॅनेलच्या लुकलुकीचे पट्टे उमटतात. तेवढ्याच वेळेचे डार्कही (झाकण लावून काढलेले काळे फोटो) घ्यायचे. आणि धुळीचा हिशोब! डागाच्या कड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये काढून एफ-आकड्याने (रिड्यूसरसह ४.८) गुणला की धूळ सेन्सरपासून किती लांब आहे ते कळतं. १०० पिक्सेलचं कडं म्हणजे ०.३८ मिमी गुणिले ४.८, साधारण १.८ मिमी: धूळ सेन्सरच्याच काचेवर. ८०० पिक्सेलचं असेल तर १४ मिमीच्या पुढे, म्हणजे फिल्टरवर. नको ती काच पुसत बसण्यापासून एवढ्या एका गुणाकाराने किती जण वाचले असतील!

थंडाव्याचंही तसंच. कॅमेऱ्यातला कूलर सेन्सरला हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली नेतो, त्यामुळे डिसेंबरात उणे १० सहज मिळतं आणि एप्रिलमध्ये कूलर धापा टाकतो. डार्कचे दोन संच करायचे, उणे १० आणि शून्य, आणि कूलरची शक्ती ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. तापमान हललं की डार्क जुळत नाहीत.

प्रत्यक्ष रात्री: गेन (सेन्सरच्या सिग्नलची वाढ) १००, ३०० सेकंदांच्या ४८ फ्रेम्स, म्हणजे चार तास. चाराचे आठ तास केले तर सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर १.४ पटच वाढतं, म्हणून एका रात्री तीन तेजोमेघांच्या मागे धावणं तुम्हाला मान्य नाही. दर तीन फ्रेम्सना डिदर, म्हणजे चौकट मुद्दाम किंचित सरकवणं. १२० मिमी नाभीय अंतराच्या गाइड दुर्बिणीवर २.९ मायक्रोनचा कॅमेरा असेल तर गाइडचे ५ पिक्सेल म्हणजे मुख्य कॅमेऱ्याचे १२. डिदर नसेल तर गरम पिक्सेल फ्रेमगणिक एकाच दिशेने सरकतात आणि स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम्स एकत्र केलेल्या फोटोत) तिरप्या रेघा पडतात. रंगीत फोटोत त्या खपून जातील एकवेळ, करड्यात नाही. तारे मध्यरात्रीनंतर फुगायला लागले तर दोन शक्यता. ताऱ्यांची संख्या घटतेय आणि प्रत्येकाभोवती धुकट प्रभा आहे: दव, हीटरच्या पट्ट्याची ऊब वाढवा. नुसतेच जाड झालेत: तापमान उतरलं, बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) लावून फोकस पुन्हा करा.

प्रोसेसिंगवर तुम्ही जितका वेळ दिलात तितका बहुतेक लोक दुर्बिणीवरही देत नाहीत. ‘सिरिल’ या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट (आकाशातल्या उजेडाचा चढउतार) काढताना पहिल्या घाताचा बहुपदी पृष्ठभाग पुरे, कारण रोझेट चौकटीचा बराच भाग व्यापतो, नमुन्याचे ठिपके त्याच्यावर पडले की सॉफ्टवेअर त्याची फिकट किनारच प्रकाशप्रदूषण समजून खाऊन टाकतं. स्ट्रेच (काळोखातले बारकावे उजळणं) एका झटक्यात नको, लहान पायऱ्यांनी. पार्श्वभूमी २५५ पैकी २० ते २५ वर ठेवायची, शून्यावर कधीच नाही, कारण काळोखात बुडालेला कृष्णमेघ (धुळीचा काळा ढग) परत काढता येत नाही आणि रंग नसलेल्या फोटोत खोली येते ती तिथूनच. शार्पनिंग जास्त झालं की नॉइजचे किडे वळवळतात, ताऱ्यांभोवती काळी कडी येतात. काम शेवटपर्यंत १६ बिटमध्ये, जेपीईजी अगदी अखेरीस. आधीच ८ बिटवर आलात तर मऊ उतार पायऱ्यांसारखा तुटतो. मृगातल्या एम ४२ तेजोमेघाचा गाभा ३०० सेकंदांत पांढराफटक होतो, त्याला १० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम्स लागतात.

आणि एच-अल्फात काय येत नाही, तेही तुम्ही आधीच सांगून टाकता, याबद्दल विशेष धन्यवाद. एम ७८ तेजोमेघातली किंवा कृत्तिकांभोवतीची निळी धूळ ताऱ्यांचा प्रकाश फक्त परावर्तित करते. तिच्यासाठी फिल्टर काढून शहराबाहेर जाणं आलं. गच्चीवरून कितीही तास ओतले तरी तिथे फारसं काही उमटत नाही.

तुम्ही वापरायला दिलेला ७ नॅनोमीटरचा फिल्टर पावसाळ्याआधी घरी आणून देतो. कापडाने पुसलेला नाही, नुसती ब्लोअरची हवा मारली आहे. हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवलाय, आणि चकचकीत बाजू कुठली त्याची खूण रिंगवर केली आहे.

आपले,
गच्चीवरचे विद्यार्थी, पुणे