मागचं दार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल पाठवलेला फोटो मी मोठा करून करून पाहिला. बाबांना तुझ्या हातातली, जनावराला भुलीची सुई मारायची फुंकनळी दिसली, मला तुझ्या पाठीमागचं दार. ते नुसतं लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. आत बिबट्या नव्हता, हे तू फोनवर सांगितलंस. तरी मला झोप लागली नाही. यावर लिहायचं नाही असं ठरवून कागद घेतला होता, आणि पहिल्याच ओळीत तेच लिहून बसले.

लिहायचं होतं ते दिवाळीतल्या भांडणाबद्दल. "तात्यांनी हौसेपायी जनावरं कोंडली," असं तू म्हणालीस आणि बाबा ताटावरून उठले. तात्यांचं प्राणिसंग्रहालय बंद झाल्यावर तीन वर्षांनी तू झालीस. तुला दिसले ते गंजलेले गज आणि हौदात उगवलेली बाभूळ.

सुरुवात चितळाच्या एका पाडसापासून झाली, 1972चा वन्यजीव कायदा यायच्या आधी. कुणीतरी कुत्र्यांच्या तोंडून सोडवून आणलं होतं. मग लोक आणतच गेले. पाय मोडलेलं काळवीट, दरवेशाचं नाकात वेसण घातलेलं अस्वल, ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची पिल्लं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमराईत सोळा पिंजरे होते. या घरातला माझा पहिला स्वयंपाक त्या अस्वलासाठी, बाजरीची घट्ट लापशी आणि वर गूळ. तिकिटाचा पैसा कडब्यात आणि मांसात जायचा. बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असे; त्या दिवशी राणी गजाशी बसून तात्यांच्या वहाणांचा आवाज ऐकत राहायची.

माया होती गं. पण तुझंही खोटं नाही. राणीचा पिंजरा माझ्या बारा पावलांचा होता. ती ज्या कोपऱ्यात वळायची तिथली फरशी गुळगुळीत झाली होती. आम्ही म्हणायचो, तिला फेऱ्या मारायची सवयच आहे.

1991 साली कायद्यात दुरुस्ती झाली, पुढच्या वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. मान्यतेशिवाय चालवता येणार नाही, असं झालं. ऐसपैस आवार हवं, पशुवैद्य हवा, प्रत्येक जनावराच्या जन्म-मृत्यूची नोंद हवी. तात्यांच्या नोंदी कॅलेंडरच्या पाठीवर! तीन वर्षं धडपडले बिचारे. कायद्याचं चुकलं नव्हतं, हे मी आज म्हणते. तेव्हा मीही तणतणत होते.

जनावरं हलवायची ठरली. नऊ काळविटं आम्ही भर दुपारी, जाळी लावून, पळवून पळवून धरली. ट्रकमध्ये चढली तेव्हा जिवंत होती. दुसऱ्या दिवसापर्यंत चार गेली. एकाची मान माझ्या मांडीवर होती. अंग तव्यासारखं तापलेलं, मागचे पाय ताठ, लघवी कोऱ्या चहासारखी. आम्हाला सोडून जायच्या दुःखाने गेली, असं मी तेवीस वर्षं धरून होते. मग तू कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना फोनवर सहज सांगितलंस, याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. धास्तीने आणि पळण्याने स्नायू फुटतात, त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. गार वेळेला धरायची, डोळे झाकायचे, आवाज करायचा नाही. फोन ठेवून मी न्हाणीघरात जाऊन रडले. काळविटांसाठी रडले, आणि माझ्या पोरीला हे कळतं म्हणूनही.

म्हणून सांगते, आतलं दार, बाहेरचं दार, मग परत आतलं. "लावलंय" असं कुणी म्हणालं तरी स्वतः ओढून बघायचं. घाई असली तरी, जनावर ओळखीचं असलं तरी, ओळखीचं असलं तर जास्तच. तू डॉक्टर आहेस, मी तुला काय शिकवणार? माफ कर. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

दिनकरकाकांचा हात तू लहानपणापासून तसाच पाहिलास. त्या दिवशी राणी रात्रीच्या खोलीत होती, काका बाहेर झाडत होते. मधल्या दाराची साखळी माझ्या हातात होती. मी ती ओढली, खिट्टी पडल्यासारखा आवाज आला. वाकून पाहिलं नाही. चुलीवरचं दूध उतू जात होतं, तिकडे धावले. राणी मीच बाटलीने वाढवलेली. काकांनी आजवर कुणालाही सांगितलं नाही, तात्यांनाही नाही. बाबांना मी काल रात्री सांगितलं.

ते तुझ्याशी अजून बोलत नाहीत, मला माहीत आहे. पण सकाळी जाऊन त्या फोटोची प्रिंट काढून आणली आणि तात्यांच्या तसबिरीखाली लावली. येता-जाता मला तेच दार दिसतं. दुसरा पाठव, कडी दिसेल असा.

तुझी,
आई