कुंपण काढण्याआधी

महोदय,

माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे यंत्रमानव, म्हणजेच कोबॉट, आता गोदामांतही येऊ लागले आहेत. अंबड, सातपूर आणि सिन्नर येथील गोदामचालकांनी ते विकत घेताना ‘याला (भोवती सुरक्षेचे) कुंपण लागत नाही’ एवढ्या एकाच आश्वासनावर विसंबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धक्का लागताच यंत्राचा हात थांबतो, हे खरे. परंतु त्या हाताच्या टोकाला खोके कापण्याचे पाते किंवा अणकुचीदार पकड असेल, तर हात थांबण्याआधीच जखम झालेली असते. शिवाय कोबॉटच्या सुरक्षेविषयीच्या २०१६ सालच्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवजात शरीराच्या निरनिराळ्या भागांसाठी दाबाच्या वेगवेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. धोक्याचे मूल्यमापनही केवळ यंत्राचे नव्हे, तर पकड, माल आणि जागा यांसह संपूर्ण कामाचे करावे लागते. माल वाहणाऱ्या चालकविरहित गाड्यांची अडचण वेगळी आहे. त्यांचा लेझर स्कॅनर बहुधा जमिनीलगतच्या एकाच पातळीवर पाहतो. त्यामुळे फोर्कलिफ्टचे वर उचललेले दाते किंवा रॅकबाहेर आलेली फळी त्याला दिसेलच असे नाही.

हंगामात ठेकेदारामार्फत येणाऱ्या कामगारांना पहिल्याच दिवशी, मराठीत आणि हिंदीत, आपत्कालीन थांबा बटण प्रत्यक्ष दाबायला लावून प्रशिक्षण द्यावे, आणि यंत्राचा वेग किंवा मांडणी बदलली की मूल्यमापन पुन्हा करावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने यासाठी मराठीत सूचनापत्र काढावे.

— एक गोदाम पर्यवेक्षक, नाशिक